पाळण्यात बाळाशिवाय काहीच नको

डॉक्टर, नमस्कार. मी सोलापूरला विडी घरकुल भागात राहते. वय 58. दोन मुलगे, एक मुलगी वाढवली. थोरल्याचा चार वर्षांचा नातू आमच्यातच असतो. धाकटी लेक पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि फेब्रुवारीत नात झाली, तारखेच्या तीन-साडेतीन आठवडे आधीच. वजन 2 किलो 100 ग्रॅम भरलं. दवाखान्यात तिला लेकीच्या उघड्या छातीवर पालथी बांधून ठेवायला लावायचे. आता नात दोन महिन्यांची झाली, अंगानं चांगली भरलीय. पण घरात रोज कुरबुर आहे. मी पालथं निजवलं की लेक लगेच उताणं करते. उताणी असली की नात दचकून उठते, दूध ओकते, मला ठसक्याची भीती वाटते. मी राईची उशी शिवली, ती लेकीनं कपाटात टाकली. झोळी बांधली तर म्हणते काढ. आपली सोलापुरी चादर पांघरली तर म्हणते नको. आणि स्वतः मोबाइलवरून बाळाच्या गादीचा गुबगुबीत संच मागवलाय, त्यात उशी आणि दोन लोड! इथं ऊन असं, रात्री लाइट जाते, डास आहेत. मी घरी विड्या वळते. यजमान विडी ओढतात, पण बाहेर ओट्यावर. परवा लेक म्हणाली, "आई, तुझ्या पद्धतीनं बाळाच्या जिवाला धोका आहे." मला रात्रभर डोळा लागला नाही. तीन लेकरं काय धोक्यात वाढवली मी? आणि दवाखान्यात पालथं चालतं, ते घरी का चालत नाही? जूनमध्ये ती पुण्याला जाईल. तोवर काय करू?
— एक आजी, सोलापूर

ताई,

तुम्हाला सगळ्यात आधी हवं असलेलं उत्तर आधीच देतो. निजवण्याच्या बाबतीत लेकीचं बरोबर आहे. नातीला दर वेळी, दिवसाही आणि रात्रीही, पाठीवर उताणंच निजवा. कुशीवरही नको, कारण कुशीवरचं लहान बाळ सहज पालथं पडतं. राईची उशी कपाटातच राहू द्या आणि लेकीनं मागवलेले ते दोन लोडही तिथंच ठेवा. पण लेक ज्या शब्दांत बोलली ते तुम्हाला लागलं, आणि ते लागणारच होतं. म्हणून कारणं नीट सांगतो. कारण कळल्याशिवाय तुमच्यासारखी अनुभवी बाई हात मागे घेणार नाही, आणि घेऊही नये.

एक वर्षाच्या आतलं, दिसायला धडधाकट बाळ झोपेतच जातं, आणि शवविच्छेदन करून, सगळी चौकशी करूनही कारण सापडत नाही, असे मृत्यू जगभर होतात. डॉक्टर त्याला 'सिड्स' म्हणतात. त्याच्याच शेजारी दुसरा प्रकार आहे. त्यात मऊ गादीत, उशीत, पांघरुणाखाली किंवा मोठ्या माणसाच्या अंगाखाली बाळाचा श्वास कोंडतो. आपल्याकडे अशा मृत्यूंचं शवविच्छेदन क्वचितच होतं. लेकरू झोपेतच गेलं, नजर लागली, कुणी बाहेरचं बघून गेलं, असं म्हणून ते मातीत जातं. आणि पुढं वर्षानुवर्षं त्या आईलाच बोल लावला जातो. ही बाळं आपल्या शहरातही जातात. फक्त त्यांची मोजदाद होत नाही.

हा धोका दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वात जास्त असतो. असे बहुतेक मृत्यू, दहातले नऊ, पहिल्या सहा महिन्यांत होतात. मुदतीआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांना तो आणखी जास्त. तुमची नात आज नेमकी त्या वयात आहे आणि त्या गटातली आहे. तुम्हाला घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाही. पण लेक एवढी हट्टानं का वागते, ते यातून तुमच्या लक्षात येईल.

पालथं निजवण्याचा आणि या मृत्यूंचा संबंध कसा कळला, तेही सांगतो. न्यूझीलंडमध्ये असे मृत्यू फार होत होते. तिथल्या संशोधकांनी 1987 ते 1990 या काळात दगावलेल्या बाळांच्या आणि सुखरूप बाळांच्या घरांतली माहिती समोरासमोर ठेवून पाहिली. तीन गोष्टी ठळकपणे पुढं आल्या: बाळाला पालथं निजवणं, आईचं धूम्रपान आणि अंगावर न पाजणं. 1991 मध्ये तिथं आणि ब्रिटनमध्ये बाळांना उताणं निजवण्याची मोहीम सुरू झाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1992 मध्ये तोच सल्ला दिला आणि 1994 पासून तिथंही देशभर मोहीम चालली. अमेरिकेत 1990 मध्ये लाख जन्मांमागे 130 बाळं सिड्सनं जात होती, 2020 मध्ये हा आकडा 38 पर्यंत उतरला. यात नवी लस नव्हती की महागडं यंत्र नव्हतं. मुख्य बदल एवढाच, की आयाबायांनी बाळाची कूस बदलली.

आता तुमचा तो प्रश्न. तीन लेकरं धोक्यात वाढवली का? या मोहिमांच्या आधी पाश्चात्त्य देशांत तर डॉक्टरच पालथं निजवा म्हणून सांगत होते. तुम्हाला त्या काळात जे माहीत होतं, त्यातलं चांगलं तेच तुम्ही केलंत. पण वरचा आकडा पुन्हा पाहा. सगळ्यात वाईट काळातही हजारात मोजकीच बाळं जात होती. म्हणजे पालथी निजवलेली जवळजवळ सगळीच बाळं सुखरूप वाढत होती. म्हणून कुठल्याही एका आजीला, तिनं तीन वाढवली असोत की दहा, हा धोका स्वतःच्या घरात दिसूच शकत नाही. तो हजारो घरं एकत्र पाहिली तरच दिसतो. तुमचं वाढवणं खोटं ठरत नाही. पण आज हातात असलेली माहिती बाजूला सारायचं कारणही उरत नाही.

दचकण्याबद्दल. उताणं बाळ मध्येच हात फैलावून दचकतं, कधी रडत उठतं. पालथं केलं की गाढ झोपतं. प्रत्येक आजीनं हे पाहिलेलं असतं आणि ते अगदी खरं आहे. पण धोका त्या गाढ झोपेतच आहे. एवढ्याशा बाळाला श्वास कमी पडला की मेंदूनं त्याला जागं करायचं असतं. मग ते मान वळवतं, हातपाय झाडतं, रडतं. पालथ्या बाळाची झोप खोल जाते आणि ही जाग उशिरा येते, काही बाळांना येतच नाही. शिवाय तोंड गादीत असेल तर स्वतःचीच सोडलेली हवा बाळ पुन्हा आत घेतं, आणि अंगाची गरमीही नीट बाहेर पडत नाही. नात रात्री दोनदा जास्त उठते हे तिच्या भल्याचं आहे, मग आपली झोप मोडली तरी चालेल.

दचकणं फारच होत असेल तर मलमलच्या पातळ दुपट्यात हात सैलसर गुंडाळा. पाय मात्र मोकळे, गुडघे बाहेरच्या बाजूला दुमडता येतील असे. पाय सरळ ताणून घट्ट बांधण्याची पद्धत खुब्यांना वाईट. गुंडाळलेलं बाळ कधीही पालथं ठेवायचं नाही. आणि कूस बदलायची पहिली धडपड दिसली की दुपट्यात गुंडाळणं त्या दिवसापासून बंद. काही बाळं तिसऱ्या महिन्यातच ही धडपड सुरू करतात, तेव्हा लक्ष ठेवा.

ओकण्याची भीती मला फार घरांत भेटते. दूध वर आलं तर उताण्या बाळाच्या श्वासनळीत जाईल असं वाटतं. शरीराची रचना उलट सांगते. बाळ पाठीवर असताना श्वासनळी वरच्या बाजूला आणि अन्ननळी खालच्या बाजूला असते. वर आलेलं दूध खाली अन्ननळीकडेच ओघळतं, आणि बाळ गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथं असताना श्वासनळी खाली येते, म्हणजे दुधाला तिकडे जायला वाट सोपी. त्यामुळे ओकणाऱ्या बाळालाही उताणंच निजवायचं. पाजल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, दहा-पंधरा मिनिटं तसंच उभं घ्या, मग निजवा. हे काम आजीच्या हातून फार छान होतं, आणि आईला तेवढी पाठ टेकता येते. डोक्याखाली उशी घालून किंवा गादी एका बाजूनं उचलून उतार करू नका. त्यानं ओकणं थांबत नाही, उलट बाळ खाली घसरून मान दुमडते. दूध जोरात लांब उडत असेल, हिरवं ओकत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र ते दवाखान्यात दाखवायचं दुखणं आहे.

दवाखान्यात पालथं का चाललं, हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला आनंद झाला, कारण तो बरोबर जागी बोट ठेवतो. छातीवर बांधून ठेवतात त्याला कांगारू पद्धत म्हणतात. कमी वजनाच्या बाळासाठी ती फार मोलाची आहे: ऊब मिळते, दूध लवकर सुरू होतं, जंतुसंसर्ग कमी होतो. पण तिथं बाळ आईच्या दोन स्तनांच्या मधे उभं असतं, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, नाक मोकळं. आई मागे टेकून अर्धवट बसलेली, जागी असते आणि सिस्टर फेऱ्या मारत असतात. घरी गादीवर एकट्या पालथ्या बाळापाशी यातलं काहीच नसतं. आता लेक किंवा तुम्ही जाग्या असताना नातीला छातीवर घ्या, हवं तितकं घ्या. फक्त डोळे जड व्हायला लागले की तिला तिच्या जागी उताणं ठेवायचं.

ती जागा कशी असावी, यावर थोडं जास्त लिहितो, कारण घरातल्या वस्तूंवरूनच तुमची भांडणं झालीत.

जागा सपाट आणि कडक हवी. तळहात दाबून उचला. खळगा तसाच राहिला, किंवा दाबताना गादी हाताच्या दोन्ही बाजूंनी वर आली, तर ती या वयाच्या बाळाला चालत नाही. नवी पिंजून आणलेली कापसाची गादी म्हणून नको. वर्षानुवर्षं दबून पातळ, टणक झालेली चालते. पट्ट्यांची बाज मधे झोल घेते, तीही नको. घरात लाकडी पाळणा असेल आणि त्याचा तळ सपाट असेल, तर तो उत्तम. गज 6 सेंटीमीटरपेक्षा लांब लांब नसावेत, म्हणजे बाळ त्यातून सरकून डोकं अडकणार नाही. पाळण्याला बांधलेली लांब दोरी, लोंबणाऱ्या माळा, गोंडे काढून टाका. गळ्यात काळा दोरा असेल तर तो मनगटाला किंवा पायाला बांधा. गळ्यात काहीच नको, झोपेत तर मुळीच नको.

आणि पाळण्यात बाळाशिवाय काहीही नको. उशी, लोड, खेळणं, वाकळ, गोधडी, दुपट्याची वळकटी, काहीच नको. दुकानात आणि मोबाइलवर जो संच मिळतो, त्यातली चादर तेवढी वापरा. तो गुबगुबीत दिसतो म्हणून मायेचा वाटतो, पण लेकीला माझ्या नावानं सांगा की ज्या कारणासाठी आजीची राईची उशी गेली, त्याच कारणासाठी हाही गेला पाहिजे. अमेरिकेनं 2022 मध्ये कायदाच केला. पाळण्याच्या कडेला लावायच्या गुबगुबीत गाद्या आणि 10 अंशांपेक्षा जास्त उताराची बाळं झोपवायची साधनं तिथं विकायला बंदी आली. आपल्याकडे ती खुशाल विकली जातात. पायात घालायचे श्वास मोजणारे मोजे वगैरेही मिळतात. त्यांच्या भरवशावर यातलं काही सैल सोडू नये.

राईची उशी कशासाठी, तर डोकं गोल व्हावं म्हणून. एका जागी टेकून डोकं एका बाजूला चपटं होतं, ही काळजी रास्त आहे, आणि उताणं निजवल्यावर ती थोडी वाढते. उपाय साधे आहेत. एका रात्री पाळण्यात डोकं या टोकाला, दुसऱ्या रात्री त्या टोकाला करा. बाळ उजेडाकडे आणि आईच्या आवाजाकडे मान वळवतं, त्यामुळे बाजू आपोआप बदलते. आणि जागेपणी रोज पालथं ठेवा. हो, जागेपणी पालथं हवंच! त्यानं मान, पाठ, दंड घट्ट होतात. सात आठवड्यांपासून पुढं दिवसभरात मिळून पंधरा ते तीस मिनिटं, थोडं थोडं करून. यासाठी नवीन काही शिकायला नको. तुम्ही पाय पसरून बसता, नातीला मांडीवर पालथी घेऊन पाठीला तेल लावता, ती मान उचलून इकडेतिकडे बघते. तेच हे. लेकीला पुण्याच्या डॉक्टरांनी 'टमी टाइम' सांगितला असेल, तर तो तिच्या आईला आधीपासून येतो. तुमच्या पालथं घालण्याची खरी जागा ती आहे. फक्त मालीश झाल्यावर डोळा लागला की उताणं.

झोळीचं मला वाईट वाटतं, कारण गरमीत हवेशीर आणि विनाखर्च असं तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण साडीच्या झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते. इतक्या लहान बाळाची श्वासनळी मऊ असते, मान दुमडली की ती दबते. वरून साडीच्या दोन बाजू मिटून तोंडावर येतात आणि लांबून काही दिसत नाही. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला हे अजिबात झेपत नाही. रडत्या बाळाला तुम्ही स्वतः समोर बसून, साडी उघडी धरून दोन झोके दिलेत तर दिलेत. झोप लागली की उचलून सपाट जागी. रात्रीची झोप झोळीत नको, आणि चार वर्षांच्या नातवाच्या हाती दोरी तर कधीच नको.

सोलापुरी चादरीचं सांगतो. बाळाच्या अंगावर ती नको, कारण जड आहे, तोंडावर आली तर दोन महिन्यांचं लेकरू ती बाजूला सारू शकत नाही. पण अंगाखाली ती चांगली. पातळ गादीवर चादर ताणून घाला, चारी कडा गादीखाली घट्ट खोचा, वर सुती पातळ कापड तसंच खोचून घाला. कडक, सपाट बिछाना तयार. थंडीतही पांघरूण घालण्यापेक्षा अंगात एक कपडा जास्त घालावा.

आता तर एप्रिल आहे. सोलापुरात पारा 42 च्या वर जातो आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत वाफ सोडतात. बाळाचं अंग तापणं हाही या मृत्यूंमागचा एक धोका आहे. म्हणून टोपरं, मोजे, हातमोजे घरात काढून टाका. बाळ डोक्यावाटे बरीच गरमी सोडतं. एक पातळ सुती झबलं पुरे, फार उकडत असेल तर नुसता लंगोट. गरम होतंय का, ते मानेच्या मागे आणि छातीला हात लावून बघा. तळहात-तळपाय जरा गार असणं साधारण आहे, त्यावरून कपडे चढवू नका. पंखा चालू ठेवा, वारा सरळ तोंडावर नको. कूलर असेल तर खिडकीत, आणि समोरचं दार थोडं उघडं, म्हणजे खोली दमट होणार नाही. लाइट गेली की गच्चीवर निजायची आपली पद्धत आहे, तीही चालेल, पण नियम तेच: सपाट, कडक, उताणं, मोकळं. मच्छरदाणी ताणून बांधा, बाळाच्या अंगाला टेकू देऊ नका. मच्छर अगरबत्ती बंद खोलीत लावू नका, आणि अंघोळीनंतरची शेगडीची धुरी यंदा नाहीच म्हणा. कोंडलेल्या खोलीतला तो धूर बाळाच्या छातीला घातक.

धुरावरून विडीकडे येतो. हे लिहिताना मी जपून लिहितोय, कारण विडीवर सोलापुरात हजारो बायकांची चूल पेटते आणि तुमचीही त्यावरच चालत असेल. तुमचं काम थांबवा असं मी म्हणत नाही. तंबाखूचं सूप आणि तेंदूपत्ता बाळ ज्या खोलीत निजतं तिथं नको, दुसरी खोली नसेल तर दारातल्या उजेडात बसा. उठलात की हात साबणानं कोपरापर्यंत धुवा, पदर झटकू नका, लुगडं बदला, मग नात घ्या. तंबाखूची भुकटी हातावाटेही अंगात जाते.

यजमानांचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. घरात कुणी ओढत असेल तर बाळाचा धोका वाढतो, हे न्यूझीलंडपासून सगळीकडे पुन्हा पुन्हा दिसलंय. ओट्यावर ओढली तरी धूर कपड्यांत, मिशीत, श्वासात घेऊन माणूस आत येतो. त्यांनी नातीला घेण्याआधी सदरा बदलावा, तोंड-हात धुवावेत, आणि तिच्या बिछान्यावर झोपू नये. सोडायची इच्छा असेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला की मदत मिळते, पैसे पडत नाहीत. आजवर कुणासाठी सोडली नसेल, नातीसाठी सोडतील. असे आजोबा मी पाहिलेत.

बाळ कुणाजवळ निजावं? आईच्या खोलीत, हात लांब केला की पोहोचेल इतक्या जवळ, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर. किमान सहा महिने असं. तुम्ही सगळे खाली अंथरुण घालत असाल तर सोपं आहे. लेकीच्या गादीला लागून बाळाची वेगळी छोटी कडक गादी घाला, भिंतीपासून लांब, म्हणजे फटीत सरकणार नाही. दोन मोठ्यांच्या मधे नको आणि नातवाच्या शेजारी नको. तो मायेनं झोपेत हात टाकेल, पाय टाकेल. न्यूझीलंडच्या माओरी लोकांतही बाळ आईच्या कुशीत निजण्याची जुनी रीत आहे. ती न मोडता त्यांच्या बायकांनी तिथल्या पात्यांची छोटी उथळ टोपली विणायला घेतली, तिला वाहाकुरा म्हणतात. बाळ आईच्या अंथरुणावरच, पण आपल्या टोपलीत. जवळीकही राहते आणि अंगाखाली येण्याची भीतीही कमी. तुमच्या घरातली वेगळी छोटी गादी तेच काम करील.

रात्री पाजताना लेकीचा डोळा लागणार. ती दमलेली आहे. म्हणून पाजायला सोफ्यावर किंवा खुर्चीत बसू नये. तिथं झोप लागणं सगळ्यात धोक्याचं, बाळ अंग आणि गादीच्या खाचेत सरकतं. खालच्या कडक गादीवर, आसपासच्या उशा-पांघरुणं बाजूला करून पाजावं, आणि जाग येताच बाळाला तिच्या जागी ठेवावं. रात्रीच्या एखाद्या पाजण्याला तुम्हीही उठून शेजारी बसलात तर लेकीला केवढा आधार होईल! अंगावरचं दूध स्वतःच हा धोका कमी करतं, सहा महिने तेच द्या. गुटीत जायफळ उगाळून, मध चाटवून किंवा सर्दीचं औषध पाजून झोपवायचा विचार कुणी घरात काढला तर तिथंच थांबवा. झोप आणणारं काहीही या वयात नको. लसी वेळेवर, आता दहा आठवड्यांची येईल. लस घेतलेल्या बाळांत हे मृत्यू कमी दिसतात.

नात स्वतःहून दोन्ही बाजूंनी कूस बदलायला लागली की रात्रभर जागून तिला उलटी-सुलटी करत बसायची गरज नाही. निजवताना उताणं ठेवायचं, पुढं ती वळली तर वळू द्या.

कधीही ती निळसर पडली, श्वास थांबल्यासारखा वाटला, अंग लुळं पडलं, तर तळव्याला टिचकी मारून हाक द्या आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं 108 ला फोन लावावा. लहान बाळाची छाती कशी दाबायची आणि श्वास कसा द्यायचा, हे पुढच्या लसीच्या वेळी सिस्टरांकडून बाहुलीवर शिकून घ्या. घरातल्या दोघांना तरी यायला हवं.

लेकीला एवढंच सांगा की कारणासकट बोललीस तर आई ऐकते. आणि जूनमध्ये जाताना रेल्वेनं जाणार असाल, सकाळची हुतात्मा गाठणार असाल, तर प्रवासभर नात पाळीपाळीनं जाग्या माणसाच्या मांडीवर उताणी ठेवा, किंवा छातीशी उभी, नाक उघडं आणि हनुवटी वर. पुढं अडकवायच्या पिशवीत ती झोपली तर तोंड दिसत राहील असं बघा. मोटारीनं गेलात तर बाळाच्या खुर्चीत पट्टा बांधून बसवा, दर तासा-दीड तासानं थांबून बाहेर काढा, आणि पुण्यात पोहोचल्यावर त्याच खुर्चीत झोपू देऊ नका. तिकडच्या आजीकडेही राईची उशी तयार असेल. हे पत्र सोबत द्या.